‘माल उठला की बोलावतो’ म्हणू नका: कामावरून कमी करताना कसं बोलावं

नव्यानेच सुपरवायझर, एचआर किंवा युनिट मॅनेजर झालात आणि पहिल्यांदाच कुणाला तरी ‘तुमचं इथलं काम संपलं’ असं सांगायची वेळ आली आहे, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. उदाहरणं सोलापूरची आहेत: अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे कारखाने, गणवेश शिवणारी गारमेंट युनिटं, लहानमोठी ऑफिसं. पद्धत मात्र कुठल्याही गावाला लागू पडेल.

या शहराला काम जाणं नवीन नाही. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या इथेच बंद पडल्या आणि त्या घरांतली पुढची पिढी यंत्रमागाकडे, शिलाईकडे, विडीकडे वळली, नाहीतर पुण्याला गेली. माणसं पुन्हा उभी राहतात. त्यांना खचवतं ते टांगून ठेवणं. काम गेलं की आहे, पैसे मिळणार की नाही, कधी मिळणार, हे कुणीच स्पष्ट सांगत नाही, आणि त्या आशेवर महिना-दोन महिने निघून जातात. माझ्या मते या प्रसंगातली खरी माणुसकी समोरच्याची ही टांगणी संपवण्यात आहे. आवाज मऊ ठेवणं त्यानंतर येतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या यावरच उभ्या आहेत.

पहिली पायरी: हे तात्पुरतं आहे की कायमचं, ते आधी स्वतः मालकाकडून जाणून घ्या

आयटी कंपन्यांच्या बातम्या वाचून आपण कुठल्याही नोकरकपातीला ‘ले-ऑफ’ म्हणू लागलो आहोत. कारखान्यात हा घोळ महागात पडतो. कामगार कायद्यातला ले-ऑफ तात्पुरता असतो. सूत नाही, वीज नाही, माल पडून आहे म्हणून काही दिवस काम देता येत नाही, पण कामगाराचं नाव मस्टरवर (हजेरीपटावर) राहतं. पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात वर्षभर सलग काम केलेल्याला त्या दिवसांचा मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मे पैसे द्यावे लागतात. कामगार कपात कायमची असते आणि तिचा हिशोब पूर्ण वेगळा आहे.

आपल्याकडे या दोन्हींच्या मधलं तिसरंच काहीतरी चालतं. “अण्णा, सध्या माल उठत नाही. चार दिवस घरीच थांबा, निरोप देतो.” निरोप येत नाही. अण्णा दर दोन दिवसांनी गेटवर येतात, वॉचमन आत सोडत नाही, शेवटी ते स्वतःच दुसरीकडे लागतात आणि कारखान्याच्या कागदावर ‘स्वतःहून काम सोडले’ अशी नोंद होते. बोलताना गोड, वागताना अत्यंत कठोर अशी ही रीत आहे. निर्णय कायमचा असेल तर तुमच्या तोंडून ‘बघू’, ‘निरोप देतो’, ‘माल उठला की बोलावतो’ यातला एकही शब्द जाता कामा नये. मालक स्वतःच डळमळीत असतील तर त्यांच्याकडून हो किंवा नाही घेतल्याशिवाय कुणालाही बोलावू नका.

दुसरी पायरी: हिशोबाचा कागद तयार झाल्याशिवाय तोंड उघडू नका

बातमी ऐकल्यावर माणसाच्या डोक्यात पहिला विचार घराचा येतो. भाडं, बचत गटाचा हप्ता, पोराची फी. त्यावर “अकाउंटवाले बघतील, नंतर या” हे उत्तर म्हणजे पुन्हा टांगणं. म्हणून आधी आकडे काढा.

जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेत कपातीचा गाभा जुन्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यासारखाच आहे. सलग वर्षभर सेवा झालेल्या कामगाराला कारणासह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांची सरासरी मजुरी. शेवटचं अपूर्ण वर्ष सहा महिन्यांहून जास्त असेल तर तेही पूर्ण धरायचं. यात भर म्हणून कामगाराला नवं कौशल्य शिकता यावं म्हणून पंधरा दिवसांची मजुरी मालकाने निधीत भरायची आहे आणि ती कपातीनंतर पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यात जायची आहे. कारखान्यात तीनशे किंवा अधिक कामगार असतील तर सरकारची आगाऊ परवानगी लागते. पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटी (दीर्घ सेवेबद्दलची एकरकमी रक्कम) वेगळी.

उदाहरण करून दाखवतो, कारण नवख्या माणसाची अडचण नेमकी इथे होते. महिना १५,६०० रुपये मजुरी आणि आठ वर्षं पूर्ण. ग्रॅच्युइटीसाठी मजुरीला २६ ने भागायचं, म्हणजे दिवसाचे ६००. पंधरा दिवसांचे ९,०००, आठ वर्षांचे ७२,०००. कपातीची भरपाई ढोबळमानाने वर्षाला अर्धा महिना धरली तर ७,८०० गुणिले आठ, म्हणजे ६२,४००. नोटिशीऐवजी एक महिन्याचा पगार १५,६००. झाले दीड लाख. शिवाय चालू महिन्याचे कामाचे दिवस, शिल्लक रजा, आणि त्या वर्षात तीस दिवस काम झालं असेल तर लागू असलेला बोनस. पीस-रेटवर (नगावर) असलेल्यांची ग्रॅच्युइटीसाठीची मजुरी मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीवरून काढतात. मजुरीत कुठले भत्ते धरायचे यावर वाद होतात, म्हणून तुमच्या कामगार कायद्याच्या सल्लागाराकडून कागद एकदा तपासून घ्या. सही तुमची असणार आहे.

उचल विसरू नका. कामगाराने मालकाकडून घेतलेली उचल शिल्लक असते आणि नेमकी या दिवशी ती बाहेर काढली जाते. ती वजा करायची असेल तर किती घेतली, किती फिटली, किती बाकी, हे त्याच कागदावर वेगळ्या ओळीत लिहा. हातात कमी रक्कम ठेवून मग ‘उचल कापली’ म्हणणं माणसाच्या जिव्हारी लागतं. कामावर घेताना ठेवून घेतलेली मूळ कागदपत्रं कपाटात असतील तर तीही काढून पाकिटात घाला.

कामावरून कमी केल्यावर थकलेली मजुरी दोन कामाच्या दिवसांत द्यायची, असं त्याच चारपैकी वेतन संहिता सांगते. पैशांची सोय नसेल तर बातमीची तारीख पुढे ढकला.

यादी कुणाची?

एकाच प्रकारच्या कामात शेवटी आला तो आधी जातो, हा साधा नियम कायद्यातही आहे. तो मोडायचा तर कारण लिहून ठेवावं लागतं. सुपरवायझरच्या डोळ्यांत खुपणारी दोन-तीन नावं या निमित्ताने यादीत घुसवली जातात. ते सगळ्यांना दिसतं. “का ओ साहेब, माझ्यामागून आलेला राहतोय आणि मी का?” या प्रश्नाला तुमच्याजवळ खरं उत्तर नसेल तर यादी चुकली आहे. ती मालकासमोर बदलून घ्या, आणि हे धैर्य बोलावण्याच्या आधी दाखवा.

तिसरी पायरी: दिवस, वेळ, जागा

सकाळची वेळ आणि आठवड्याचा सुरुवातीचा दिवस धरा. दुसऱ्या दिवशी बँक, पीएफचं ऑफिस, कामगार आयुक्तांचं ऑफिस, युनियनचा माणूस, सगळं उघडं असावं. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सांगून माणसाला दीड दिवस नुसतं चरफडत ठेवणं टाळा. आठवड्याचा पगार वाटताना, रांगेत सगळ्यांसमोर तर कधीच सांगू नका.

सण बघा. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते, नारळी पौर्णिमेला शहराच्या पूर्व भागात, तेलुगू वस्तीत, मार्कंडेयांचा रथ निघतो, मग दिवाळी. जूनमध्ये शाळा सुरू होतात. या सगळ्या तारखा टाळता येणार नाहीत, हे मलाही कळतं. पण आठवडा मागे-पुढे करून चालत असेल तर करा. बोनस वाचवण्यासाठी दिवाळीच्या तोंडावर काढलं असा समज झाला, तर बाकी कितीही नीट केलंत तरी तो पुसता येत नाही.

मागाच्या खडखडाटात ओरडून सांगता येत नाही, आणि शेडमधून दिसणाऱ्या काचेच्या केबिनमध्ये माणूस रडला तर शंभर डोळे बघतात. ऑफिसच्या मागची खोली, रिकामी सॅम्पल रूम, काहीही चालेल. दोन खुर्च्या, पाणी, दार लोटलेलं. दारात वॉचमन उभा करू नका. ज्याने आठ वर्षं तुमचा माल विणला त्याला चोरासारखं वागवण्याचं काही कारण नाही. समोर बाई असेल तर खोलीत आणखी एक बाई असू द्या, शक्यतो तिच्या ओळखीची, आणि तिला आधी विचारून.

चौथी पायरी: कोण सांगणार आणि कुठल्या भाषेत

ज्याच्या हाताखाली माणूस काम करतो, त्याने सांगायचं. मुकादमाला, ठेकेदाराला, जॉबरला (मागांवरच्या कामगारांच्या प्रमुखाला) पुढे करून स्वतः आत बसणं हा सर्रास चालणारा पळपुटेपणा आहे. ठेकेदारामार्फत आलेले लोक कागदावर त्याचे असतील, पण रोज हुकूम तुमचा पाळत होते. ठेकेदार हजर असावा, सांगणारे तुम्ही.

बाहेरच्या जगातही याची वाईट उदाहरणं आहेत. १ डिसेंबर २०२१ ला अमेरिकेतल्या बेटर डॉट कॉम या गृहकर्ज कंपनीचे प्रमुख विशाल गर्ग यांनी सुमारे ९०० जणांना एकाच झूम कॉलवर, काही मिनिटांत कामावरून काढल्याचं सांगितलं. १७ मार्च २०२२ ला ब्रिटनच्या पी अँड ओ फेरीज कंपनीने सुमारे ८०० खलाशांना आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दाखवला. पुढे कंपनीच्या प्रमुखाने संसदेच्या समितीसमोर कबूल केलं की युनियनशी आधी चर्चा न करून कायदा मोडला. दोन्हीकडे समोरच्याला एकही प्रश्न विचारायला जागा नव्हती. आपल्याकडे व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली यादी याच जातीची.

आता भाषा. आपल्या कारखान्यांत मराठी सगळ्यांना कळते, पण घरात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलली जाते. रोजचं काम मराठीत चालतं म्हणून ही बातमीही मराठीत पूर्ण कळेल असं गृहीत धरू नका. कांड्या (सुताच्या नळ्या) भरणाऱ्या वयस्क अक्कांना ‘भरपाई’, ‘नोटीस’, ‘पीएफ’ हे तेलुगूत समजावणारं कुणी हवं. तो माणूस विश्वासाचा असावा, त्याला आदल्या दिवशी मजकूर सांगून ठेवा, आणि शब्द पदरचे घालू नकोस असं बजावा. पहिलं वाक्य मात्र तुम्हीच बोला.

पाचवी पायरी: पहिलं मिनिट

हवापाण्याच्या गप्पा नकोत. बोलावणं आलं तेव्हाच समोरच्याला काहीतरी कळलेलं असतं. “घरी कसं काय, मुलगी बारावीला ना?” असं विचारून मग काम गेल्याचं सांगितलंत तर तो तुमच्या साध्या चौकशीलाही यापुढे घाबरेल. असं बोलता येईल:

“अण्णा, बसा. बातमी चांगली नाही, सरळच सांगतो. आपल्या टॉवेलच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या आहेत, रात्रपाळी बंद करतोय. तुमचं काम या महिन्याच्या तीस तारखेला संपतंय. हा निर्णय पक्का आहे. तुमच्या कामात काही खोट नाही, पाळीतले शेवटी आलेले आठ जण कमी होतायत, त्यात तुम्ही आहात. किती पैसे मिळणार ते या कागदावर लिहिलंय, आपण एकेक ओळ बघू. त्याआधी तुम्हाला काही बोलायचं असेल तर बोला.”

यात बातमी, कारण, तारीख, निर्णय पक्का असल्याचं, आणि दोष त्याचा नसल्याचं सगळं आलं. एवढं सांगून गप्प बसा. ही शांतता नव्या माणसाला झेपत नाही, तो घाईघाईने भरायला लागतो, आणि चुकीचे शब्द तिथेच निसटतात. “माझ्या हातात असतं तर…” म्हणजे जबाबदारी झटकणं. “मला रात्रभर झोप नाही” म्हणजे त्यानेच तुमची समजूत काढायची. “आपण एका घरातलेच ना” हे तर ज्याला घराबाहेर काढताय त्याला ऐकवण्याचं धाडस करू नका. “यातूनही काहीतरी चांगलंच होईल” हे त्याने स्वतःहून म्हटलं तर मान हलवा, तुम्ही म्हणू नका.

कारण खरं असलं पाहिजे. मंदी नसताना मंदी सांगू नका. गावात सगळ्यांना कळतं कुणाच्या गोडाऊनमधून किती गाठी जातायत. आणि कामातल्या चुकीमुळे काढत असाल तर ते कपातीच्या नावाखाली लपवू नका, त्याची प्रक्रिया वेगळी आहे, चौकशी वेगळी आहे.

माणूस रडेल, चिडेल, नाहीतर नुसता “बरं साहेब” म्हणून उठेल. तिसऱ्याची जास्त काळजी घ्या. “बरं” म्हणणाऱ्याला बरेचदा काही ऐकूच आलेलं नसतं. त्याला पुन्हा बसवा, कागद हातात द्या, घरी कुणी वाचणारं आहे का विचारा, आणि उद्या त्याच्या मुलाला किंवा भावाला घेऊन यायला सांगा. चिडलेल्या माणसाशी वाद घालू नका. “मालकांना भेटायचंय” म्हणाला तर भेट घालून द्या. मालक भेटणार नसतील तर तेही आधीच माहीत करून घेऊन स्पष्ट सांगा.

सही घेण्याची घाई आणि राजीनाम्याची चलाखी

हा भाग सगळ्यात जास्त लक्ष देऊन वाचा. काही ठिकाणी कपातीच्या दिवशी कामगाराकडून राजीनामा लिहून घेतात. “राजीनामा दिला तर पुढे कुठे अडचण येणार नाही, रेकॉर्ड स्वच्छ राहील,” असं आपुलकीने सांगितलं जातं. राजीनामा दिला की कपातीची भरपाई आणि नोटिशीचे पैसे या दोन्हींवरचा त्याचा हक्क जातो. वरच्या उदाहरणात हे ७८,००० रुपये होतात. प्रेमळ आवाजात केलेली ही फसवणूक आहे आणि हे काम तुम्हाला सांगितलं तर नाही म्हणा. कायद्यानेही जबरदस्तीचा राजीनामा टिकत नाही.

कोऱ्या कागदावर सही नको. ‘सर्व रक्कम मिळाली’ या पावतीवर रक्कम खात्यात जमा होण्याआधी सही नको. नोटीस मिळाल्याची पोच तेवढी त्या दिवशी घ्या, आणि त्याला घरी नेऊन वाचायचं असेल तर नेऊ द्या. नोटिशीची प्रत त्याला समजणाऱ्या भाषेत द्या. इंग्रजीत छापलेलं पत्र देऊन खाली अंगठा उठवून घेणं कुणालाच शोभत नाही.

व्यवस्थापकीय, प्रशासकीय किंवा महिना अठरा हजारांहून जास्त पगाराच्या सुपरवायझर पदावरच्या लोकांना कामगार कपातीच्या या तरतुदी लागू होत नाहीत. त्यांचं नेमणूकपत्र काढून नोटिशीचं कलम बघा. बोलण्याची रीत मात्र तीच.

सहावी पायरी: राहिलेल्यांना त्याच दिवशी सांगा

शेवटचा माणूस भेटून गेला की पाळीतल्या बाकीच्यांना एकत्र करा. किती गेले, का गेले, निवड कशी केली, त्यांना काय मिळतंय, आणखी कुणी जाणार आहे का. शेवटच्या प्रश्नावर “कुणीच नाही” असं खात्री असेल तरच म्हणा. नसेल तर “दिवाळीपर्यंत नाही, त्यापुढचं आज सांगता येत नाही” असं म्हणा.

याचा परिणाम मोजला गेलेला आहे. जेराल्ड ग्रीनबर्ग या अमेरिकन अभ्यासकाने १९९० मध्ये एकाच कंपनीच्या कारखान्यांवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी पगार पंधरा टक्क्यांनी कापला होता. एका ठिकाणी कंपनीच्या प्रमुखांनी दीड तास बसून कारण समजावलं, दिलगिरी व्यक्त केली, प्रश्नांना उत्तरं दिली. दुसऱ्या ठिकाणी पंधरा मिनिटांत निर्णय तेवढा सांगितला. कपात सारखीच असूनही दुसऱ्या कारखान्यात मालाची चोरी खूप जास्त वाढली आणि काम सोडून जाणारेही वाढले. हे मुद्दाम सांगतो, कारण मालकाला नीट बोलण्यासाठी वेळ मागायला तुम्हाला अशी काही तरी भक्कम गोष्ट लागेल.

सातवी पायरी: पुढचा महिना

५ मे २०२० ला एअरबीएनबीचे ब्रायन चेस्की यांनी सुमारे १,९०० लोकांना कमी केलं. त्यांच्या पत्राचं कौतुक झालं, पण मला त्यातला कामाचा भाग महत्त्वाचा वाटतो. लॅपटॉप त्यांच्याकडेच ठेवले, आणि कंपनीतल्या भरती करणाऱ्या लोकांना या माणसांसाठी नोकऱ्या शोधायला बसवलं. आपल्या कारखान्यातही याची आपापल्या परीने नक्कल करता येते. एमआयडीसीत सगळे एकमेकांना ओळखतात. दोन-चार कारखान्यांत तुम्ही स्वतः फोन करा: “आमच्याकडचा चांगला विणकर मोकळा होतोय, जॅकार्ड येतं.” तुमचा फोन आणि कामगाराने गेटवर जाऊन विचारणं यात फार फरक पडतो. अनुभवाचं प्रमाणपत्र लेटरहेडवर द्या, त्यात कोणत्या मागावर किती वर्षं काम केलं ते लिहा.

पीएफच्या पोर्टलवर त्याची काम सोडल्याची तारीख आणि कारण तुम्हीच भरा, त्याच आठवड्यात भरा. ती राहिली की त्याचा अर्ज अडकतो. त्याआधी आधार आणि पीएफमधलं नाव जुळतं का बघा. पूर्व भागातली तेलुगू आडनावं आधारवर एक, बँकेत दुसरी आणि पीएफमध्ये तिसरीच लिहिलेली सापडतात, आणि एका अक्षरापायी माणूस महिनोन्महिने फेऱ्या मारतो. दुरुस्तीला मालकाची मंजुरी लागते तिथे ती लगेच द्या. ईएसआय (कामगार राज्य विमा) असेल तर हेही सांगा की कार्ड त्या दिवशी बंद पडत नाही. भरलेल्या वर्गणीच्या हिशोबाने विम्याच्या दवाखान्यात काही काळ उपचार मिळतात. घरात कुणाचं डायलिसिस किंवा बाळंतपण असेल तर ही एवढीशी माहिती लाखमोलाची ठरते.

आणि फोननंबरची यादी ठेवा. कपात केल्यावर वर्षभरात त्याच कामासाठी पुन्हा भरती केली तर या लोकांना आधी संधी द्यावी लागते. कामगारांचे नंबर सारखे बदलतात, म्हणून घरातल्या आणखी एकाचा नंबर लिहून घ्या, आणि भरती निघाली की फोन लागला नाही म्हणून सोडून न देता पत्त्यावर चिठ्ठी पाठवा.